गाठ, उजेड आणि सोन्याचे कण

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गोंदिया जिल्ह्यात देवरीला जा, सालेकशाला जा, नाहीतर अर्जुनी-मोरगावला. बसस्थानकाजवळच्या पानठेल्यावर पन्नीत खर्रा घोटणारे हात दिसणारच. सुपारी, तंबाखू आणि चुना एवढाच त्याचा ऐवज. इथल्या जंगलात तेंदूपत्ता तोडला जातो, घरोघर विड्या वळल्या जातात. तंबाखूशी या भागाचे नाते असे पोटापाण्याचेही आहे आणि तोंडाच्या सवयीचेही. त्या नात्याची किंमत मोजावी लागलेली माणसे आधी नागपूर गाठतात. तिथे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या नावाचे कर्करोग रुग्णालय आहे. महाराजांचे निधनही १९६८ मध्ये याच रोगाने झाले होते. काही जण तिथून पुढे विदर्भ एक्स्प्रेसने मुंबईला, परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात जातात. गोंदिया ते मुंबई हे अंतर जवळजवळ हजार किलोमीटरचे आहे.

असा रुग्ण ज्या घरात असतो, त्या घरात आशेची प्रत्येक बातमी कापून ठेवली जाते. गेल्या काही वर्षांत अशी एक बातमी वारंवार येते. सोन्याचे अतिसूक्ष्म कण शरीरात सोडायचे, बाहेरून प्रकाश टाकायचा, कण तापतात आणि कर्करोगाची गाठ जळून जाते. ऐकणाऱ्याला ही जादू वाटते. मग दोन प्रश्न येतात. हे खरे आहे का? आणि खरे असेल, तर आमच्या माणसाला ते केव्हा मिळणार? या दोन प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे द्यायची, तर या कल्पनेचा इतिहास पाहावा लागतो. तो पुष्कळ जुना आहे, आणि त्यात आपल्या महाराष्ट्राचेही एक पान आहे.

उष्णता जुनी, नेम नवा

उष्णतेने गाठ नष्ट करण्याची कल्पना विज्ञानयुगातली नव्हे. सुश्रुतसंहितेत अग्निकर्माचे स्वतंत्र प्रकरण आहे. तापवलेल्या सळईने डाग देण्याची ही क्रिया ज्या विकारांवर सांगितली आहे, त्यांत ग्रंथी आणि अर्बुद, म्हणजे गाठी, यांचाही समावेश आहे. अग्नीने दग्ध केलेला रोग पुन्हा उद्भवत नाही, असा सुश्रुतांचा विश्वास होता. ग्रीक वैद्यकातही औषधाने आणि शस्त्राने न हटणाऱ्या रोगावर अग्नी हा शेवटचा उपाय मानलेला दिसतो.

एकोणिसाव्या शतकात या कल्पनेला वेगळे वळण लागले. १८६६ मध्ये जर्मनीतील बॉन येथील शल्यवैद्य बुश यांनी एक नोंद प्रसिद्ध केली. चेहऱ्यावर मोठी गाठ असलेल्या एका रुग्णाला विसर्प नावाचा त्वचेचा संसर्ग झाला, सणकून ताप चढला आणि तापाबरोबर गाठही विरत गेली. पुढे १८९१ पासून न्यूयॉर्कचे डॉ. विल्यम कोली यांनी तर मुद्दाम जंतू, आणि नंतर जंतूंपासून काढलेली विषद्रव्ये टोचून रुग्णांना ताप आणण्याचे प्रयोग केले. काही गाठी खरोखर गेल्या. आज त्याचे श्रेय तापापेक्षा जागृत झालेल्या प्रतिकारशक्तीला दिले जाते, पण त्या काळी साऱ्यांचे लक्ष उष्णतेकडे वेधले गेले. १८९८ मध्ये स्वीडनच्या वेस्टरमार्क यांनी गर्भाशयमुखाच्या गाठींजवळ धातूच्या नळीतून गरम पाणी खेळवून पाहिले आणि गाठी आकसल्याची नोंद केली.

पुढच्या संशोधनाने यामागचे गणित स्पष्ट केले. आपल्या शरीराचे तापमान सदतीस अंश सेल्सिअसच्या आसपास असते. ते बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर नेऊन तासभर टिकवले, तर पेशी मरू लागतात. पन्नास अंशांच्या पुढे गेले, तर काही मिनिटेही पुरतात. उकळत्या पाण्यातल्या अंड्याचा पांढरा बलक जसा गोठतो, तशी पेशीतली प्रथिने गोठतात.

मग अडचण कुठे होती? अडचण होती नेम धरण्याची. उष्णता ही पसरणारी वस्तू आहे. गाठ तापवावी तर तिच्याभोवतीचे निरोगी मांसही तापते, आणि वाहते रक्त उष्णता दूर वाहून नेते ते वेगळेच. धानाच्या बांधीत तण माजलेले आहे; ते तर जाळायचे, पण बाजूचे रोप करपता कामा नये, असा हा पेच. या उपचाराचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास म्हणजे हा पेच सोडवण्याचा इतिहास आहे.

फॅरेडे यांचे लाल पाणी

पेच सोडवणारी वस्तू मात्र वैद्यकाच्या बाहेर, भलत्याच ठिकाणी तयार होत होती. विजेच्या संशोधनामुळे आपल्याला परिचित असलेले मायकेल फॅरेडे उतारवयात सोन्याच्या मागे लागले होते. १८५७ मध्ये त्यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे सोने आणि प्रकाश यांच्या संबंधांवर व्याख्यान दिले. सोन्याच्या क्षारापासून त्यांनी एक द्रव बनवला होता. त्याचा रंग पिवळा नव्हता, तर माणकासारखा लाल होता. डोळ्यांना तो निर्मळ दिसे; पण प्रकाशाचा झोत सोडला की झोताची वाट त्यात उजळून निघे. त्यावरून फॅरेडे यांनी ताडले की, या पाण्यात सोने विरघळलेले नाही, तर इतक्या बारीक कणांच्या रूपात तरंगते आहे की डोळ्यांना ते दिसूच शकत नाही. त्यांनी बनवलेल्या या द्रवाच्या काही कुप्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आजही जपून ठेवलेल्या आहेत.

सोने लाल का दिसते, याचे गणित १९०८ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ गुस्टाव्ह मी यांनी मांडले. धातूमध्ये मोकळे फिरणारे इलेक्ट्रॉन असतात. कण अगदी लहान असला, की प्रकाशाच्या लहरीबरोबर हे सारे इलेक्ट्रॉन एकदम मागे-पुढे हेलकावू लागतात. झोपाळ्याला योग्य वेळी धक्का दिला की तो उंच जातो, अवेळी दिला की अडखळतो. तसेच हे आहे. ठरावीक रंगाच्या प्रकाशालाच इलेक्ट्रॉनांचा झोका साथ देतो आणि तो प्रकाश कण गिळून टाकतो. सोन्याचे गोल, लहान कण हिरवा प्रकाश गिळतात. म्हणून मागे उरलेला प्रकाश लाल दिसतो. आणि गिळलेल्या प्रकाशाचे होते काय? त्याची उष्णता होते. कण तापतो आणि लगतच्या भागाला तापवतो.

म्हणजे गाठीत बसू शकेल अशी इवलीशी शेगडी विज्ञानाच्या हाती आली होती. पण ती पेटवण्यासाठी हिरवा प्रकाश हवा होता, आणि हिरवा प्रकाश त्वचेतून व रक्तातून आत जात नाही.

तळहातामागची बॅटरी

लहानपणी अंधारात तळहातामागे बॅटरी धरण्याचा खेळ आपण सर्वांनी खेळलेला आहे. हात लालभडक उजळतो. कारण शरीर निळा-हिरवा प्रकाश अडवते आणि तांबडा काही प्रमाणात पलीकडे जाऊ देते. तांबड्याच्या थोडे पुढे, डोळ्यांना न दिसणारा जो अवरक्त प्रकाश असतो, तो तर आणखी सहज जातो. टीव्हीच्या रिमोटमधून निघतो तो याच कुळातला. साधारण सातशे ते नऊशे नॅनोमीटर लहरलांबीचा हा पट्टा म्हणजे शरीराने प्रकाशासाठी उघडी ठेवलेली खिडकीच म्हणा ना.

प्रश्न एवढाच राहिला, की सोन्याच्या कणाने हिरवा प्रकाश सोडून या खिडकीतला प्रकाश गिळावा कसा? १९९८ मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात नाओमी हॅलास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचे उत्तर प्रत्यक्षात आणले. भरीव कणाऐवजी त्यांनी वाळूच्या जातीच्या, म्हणजे सिलिकाच्या सूक्ष्म गोळीवर सोन्याचे पातळ कवच चढवले. आतल्या गोळीच्या मानाने कवच जाड की पातळ, यावर कोणता प्रकाश गिळला जाईल हे ठरते. कवच पातळ करत नेले, की कण हिरवा सोडून अवरक्त प्रकाश गिळू लागतो. उपचारासाठी पुढे वापरलेले असे कण सुमारे दीडशे नॅनोमीटरचे होते. आपल्या केसाच्या जाडीत असे पाचशेच्या आसपास कण शेजारी शेजारी बसतील.

हॅलास आणि त्यांच्या सहकारी जेनिफर वेस्ट यांच्या गटाने २००३ मध्ये दाखवून दिले की, हे कण गाठीत असतील तर अवरक्त लेसरच्या झोताने गाठ काही मिनिटांत मारक तापमानाला पोचते. कण नसलेल्या भागावर तोच झोत टाकला, तर तिथे इजा होत नाही. २००४ च्या प्रयोगात उपचार केलेले उंदीर तीन महिन्यांनंतरही गाठीवाचून जगत होते. नेम साधला होता. एकटा प्रकाश निरुपद्रवी, एकटा कण निरुपद्रवी. दोघे भेटतील तिथेच उष्णता. ही या पद्धतीची सारी किमया आहे.

पुणे आणि मुंबईचे पान

याच २००४ साली पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून एक वेगळी बातमी आली. मुरली शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गवती चहाच्या कुळातल्या वनस्पतीच्या अर्कात सोन्याचा क्षार मिसळला. कोणतीही भट्टी न पेटवता, साध्या खोलीच्या तापमानाला त्यात सोन्याचे त्रिकोणी, चपटे कण मोठ्या प्रमाणात तयार झाले. हे त्रिकोण अवरक्त प्रकाश भरपूर गिळतात, असे त्यांना आढळले. 'नेचर मटेरियल्स' या प्रतिष्ठित नियतकालिकात हे संशोधन प्रसिद्ध झाले. आकार बदलला की सोन्याचा स्वभाव बदलतो, ही गोष्ट आपल्या परसातल्या वनस्पतीच्या चुलतबहिणीने दाखवून दिली.

इथे सुवर्णभस्माची आठवण येणे स्वाभाविक आहे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात, ज्यात पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या किशोर पाकणीकरांचाही सहभाग होता, सुवर्णभस्मात सुमारे सत्तावन्न नॅनोमीटरचे सोन्याचे कण आढळले. आपल्या वैद्यांच्या खटाटोपाचे कौतुक जरूर करावे. पण त्यावरून भस्म खाल्ले की गाठ जळेल, असे कोणी सांगू लागला तर त्याच्यापासून दोन हात दूर राहावे. पोटात घेतलेले भस्म गाठ शोधत जात नाही, आणि गेले तरी ते तापवणारा प्रकाश तिथे नसतो.

मुंबईकडे वळण्यापूर्वी थोडी पार्श्वभूमी सांगतो. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. त्यांच्या स्मृतीतून उभे राहिलेले टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला सुरू झाले. तिथले विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४४ मध्येच मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या एक हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. हा रोग आपल्याकडे इतका का, याची नीट शास्त्रीय विचारणा तिथून सुरू झाली. १९५२ मध्ये सुरू झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते पहिले संचालक. त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या, पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी तिथे पेशी प्रयोगशाळेत वाढवण्याचे, म्हणजे ऊतिसंवर्धनाचे दालन उभे केले. नवा उपचार माणसावर करण्यापूर्वी पेशींवर आणि उंदरांवर तपासायचा, ही शिस्त महाराष्ट्रात अशी रुजली.

त्याच परंपरेतली संस्था म्हणजे खारघरचे टाटा स्मारक केंद्राचे संशोधन केंद्र, 'ॲक्ट्रेक'. तिथले अभिजित डे आणि पवईच्या आयआयटीतले रोहित श्रीवास्तव, रिंटी बॅनर्जी, अरविंद कुमार रेंगन आदींनी २०१५ मध्ये एक महत्त्वाचे काम प्रसिद्ध केले. त्यांचा प्रश्न अगदी व्यवहारी होता. गाठ जळाली, ठीक. पण मागे उरलेल्या सोन्याचे काय? सोने गंजत नाही, पचत नाही. मोठे कण यकृतात आणि प्लीहेत अडकून राहतात. म्हणून त्यांनी आतली गोळी सिलिकाऐवजी स्निग्ध पदार्थाच्या सूक्ष्म बुडबुड्याची, म्हणजे लायपोसोमची केली आणि त्यावर सोने चढवले. काम झाल्यावर हा बुडबुडा फुटतो, सोन्याचे अगदी लहान कण सुटे होतात आणि यकृत व मूत्रपिंडांच्या वाटेने शरीराबाहेर पडू शकतात. उंदरांमध्ये या कणांनी आणि लेसरने गाठी मागे हटल्या, उंदीर अधिक काळ जगले. शेगडी पेटवणे जितके महत्त्वाचे, तितकेच नंतर राख काढणेही, हा विचार यात होता.

उंदरापासून माणसापर्यंत

इतके सारे जमले आहे, तर रुग्णालयात हा उपचार का मिळत नाही? याची कारणे समजून घेतली, तर बातमीतला मथळा आणि वास्तव यांतले अंतर कळते.

पहिले कारण पोचण्याचे. गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईघाईने वाढलेल्या, गळक्या असतात. त्यांतून सूक्ष्म कण झिरपतात आणि गाठीतच अडकून राहतात, हे जपानमध्ये माएदा आणि मात्सुमुरा यांनी १९८६ मध्ये दाखवले होते. या उपचाराची पुष्कळशी भिस्त त्यावरच आहे. पण २०१६ मध्ये टोरांटोच्या वॉरेन चॅन यांच्या गटाने मागच्या दहा वर्षांतील प्रयोगांचा हिशेब मांडला, तेव्हा शिरेतून दिलेल्या सूक्ष्म कणांपैकी गाठीपर्यंत पोचणाऱ्यांचे मध्यम प्रमाण अवघे ०.७ टक्के निघाले. शंभर कणांतला एकही धड पोचत नाही. बाकीचे बहुतेक यकृत आणि प्लीहा टिपून घेतात.

दुसरे कारण खोलीचे. अवरक्त प्रकाश शरीरात जातो खरा, पण काही सेंटीमीटरमध्येच तो मंदावतो. उंदीर एवढासा, त्याची गाठ कातडीखालीच. माणसाच्या पोटातल्या गाठीपर्यंत पोचायचे, तर सुईतून प्रकाशतंतू आत न्यावा लागतो. तिसरे कारण रोगाच्या स्वभावाचे. प्रकाश जिथे टाकाल तिथेच उपचार होतो. रोग फुप्फुसात, हाडांत, यकृतात पसरला असेल, तर एका गाठीवर धरलेला नेम पुरत नाही.

तरीही पाऊल पुढे पडले आहे. २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय येथील अर्देशीर रस्तीनेहाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगाच्या सोळा रुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध केला. त्यांनी हॅलास यांच्याच पद्धतीचे सोन्याच्या कवचाचे कण वापरले. आधी शिरेतून कण दिले, दुसऱ्या दिवशी प्रकाशतंतू ग्रंथीत नेऊन लेसर दिला. सोळापैकी पंधरा रुग्णांमध्ये ठरवलेला भाग जाळणे साधले, आणि लघवीच्या तक्रारींत किंवा लैंगिक क्षमतेत लक्षणीय बिघाड झाला नाही. हे यश मोलाचे आहे. पण रुग्ण निवडलेले होते, त्यांचा रोग ग्रंथीपुरताच मर्यादित होता, आणि संख्या फक्त सोळा होती. प्रयोगशाळेतल्या १९९८ च्या कणाला एवढ्या टप्प्यावर यायला एकवीस वर्षे लागली, हेही ध्यानात ठेवावे.

मग आपल्यासाठी काय?

सुरुवातीच्या दोन प्रश्नांकडे येऊ. हे खरे आहे का? होय, खरे आहे. त्यामागचे विज्ञान पक्के आहे आणि त्यात पुण्या-मुंबईच्या शास्त्रज्ञांचा वाटा आहे. आमच्या माणसाला केव्हा मिळणार? रुग्णालयांतल्या नेहमीच्या उपचारांत ते अजून आलेले नाही. म्हणून कोणी 'सोन्याच्या कणांचा उपचार' म्हणून आज पैसे मागत असेल, तर धानाची बांधी विकून ते देऊ नयेत. शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि औषधे हे सिद्ध उपचार आहेत. ते अर्धवट सोडून नव्याची वाट पाहणे म्हणजे गाठीला मुदत वाढवून देणे होय. रीतसर चाचणीत सहभागी होण्याची संधी कोणा डॉक्टरांनी सांगितली, तर गोष्ट निराळी. अशा चाचणीत रुग्णाची लेखी संमती घेतात आणि चाचणीच्या औषधाचे पैसे त्याच्याकडून घेत नाहीत.

पण या इतिहासातून आपल्या जिल्ह्याने उचलावी अशी एक गोष्ट आजही हाताशी आहे. प्रकाश पोचेल तिथेच हा उपचार चालतो, म्हणून शास्त्रज्ञांची सारी धडपड प्रकाश आत नेण्याची आहे. आणि आपल्याकडे ज्या कर्करोगाचा धोका एवढा मोठा आहे, तो तोंडात होतो. तिथे प्रकाश न्यायला लेसर लागत नाही, प्रकाशतंतू लागत नाही. साधी बॅटरी पुरते. तोंडाचा कर्करोग बहुधा एकाएकी येत नाही. आधी गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा उमटतो, जखम होते आणि दोन-तीन आठवडे उलटले तरी भरत नाही, तिखट सोसवत नाही, तोंड पुरते उघडत नाही. सुपारीने गालाची आतली त्वचा ताठरते, हे त्याचे कारण. या टप्प्यावर रोग सापडला, तर बरे होण्याची शक्यता खूप मोठी असते. गालाला भोक पडेपर्यंत थांबले, तर तीच शक्यता झपाट्याने घटते.

तीस वर्षांवरील व्यक्तींच्या तोंडाची तपासणी आता सरकारी आरोग्य केंद्रांच्या कामाचा भाग आहे. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. तेव्हा तपासणीसाठी आधी मुंबईची गाडी पकडावी लागत नाही. घरात खर्रा खाणारे कोणी असेल, वडील असोत, भाऊ असो, की शेतावर सोबत राबणारी बाई असो, आज उजेडात बसवून त्यांना तोंड उघडायला सांगा. त्यांचीच तीन बोटे एकावर एक, उभी धरून दातांमध्ये मावतात का, ते पाहा. बॅटरी लावून दोन्ही गालांची आतली बाजू, जिभेच्या कडा आणि जिभेखालची जागा पाहा. काही वेगळे दिसले, तर उद्याच आरोग्य केंद्रात घेऊन जा. आणि काहीच दिसले नाही, तरी खर्ऱ्याची पुडी त्यांच्या खिशातून काढून घ्या.